बोर्ड गेला म्हणून सांगितलेला लॅपटॉप: खानापूर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या एका बाईंचा घरातच डीटीपीचा धंदा आहे. नाव आणि गाव सांगत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. त्यांचे मालक माझे जुने मित्र, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रं आणि श्रावण लागला की गणेश मंडळांची वर्गणीची पावती पुस्तकं, असा बारमाही धंदा. मराठी मजकुराला श्रीलिपी, कन्नडला नुडी आणि मांडणीला कोरल, अशी सॉफ्टवेअरं. सीमाभागात एकाच पत्रिकेवर मुलाकडची नावं मराठीत आणि मुलीकडची कन्नडमध्ये असं नेहमीच असतं. त्यामुळे दोन्ही लिप्या सफाईने बसवणाऱ्या माणसाकडे आजूबाजूच्या गावांतून काम येतं.

हे सगळं एका चार वर्षं जुन्या लॅपटॉपवर. ५१२ जीबीची एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), आठ जीबीची एकच रॅम (चालू कामाची मेमरी), विंडोज ११. वेगळी प्रत कुठेच नव्हती. एक पेनड्राइव्ह होता, पण त्यात छापखान्याला नेऊन द्यायच्या फायली तेवढ्या.

घर कौलारू. या पट्ट्यातला पाऊस ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी इथून फार लांब नाही. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेलाही बुरशी धरते. लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर, रात्री वर एक टॉवेल टाकलेला. लाईट दिवसातून दहा वेळा ये-जा करणारी.

अडचण

चतुर्थीला बारा दिवस होते. सकाळी वहिनींचा फोन आला. "भावजी, लॅपटॉप चालूच होईना. दुकानवाला बोर्ड गेला म्हणतोय. चौदा हजार सांगितलेत. करू काय?" बोर्ड म्हणजे लॅपटॉपमधली मुख्य पाटी, जिला बाकीचे सगळे भाग जोडलेले असतात.

"चालू होत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा निघतो. कोणाच्या लॅपटॉपचा दिवाच लागत नाही. तिथे संशय चार्जर, बॅटरी किंवा वीज घेणाऱ्या भागावर. कोणाचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा. म्हणजे वीज पोचलीय, पण यंत्र स्वतःची पहिली तपासणी पार करत नाहीये. आणि कोणाच्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतो आणि विंडोज काही उघडत नाही. हा बहुतेक वेळा डिस्कचा नाहीतर सॉफ्टवेअरचा मामला. फोनवर एवढं एक विचारलं तरी निम्मी वाट कळते.

वहिनींचा प्रकार दुसरा होता. पंखा फिरत होता, पडदा मात्र काळा. "आणि ते कॅपिटलचं बटण लुकलुकतंय," त्या म्हणाल्या. मी त्यांना मोबाईलवर त्याचं चित्रण करून पाठवायला सांगितलं आणि दुपारी बेळगावहून निघालो. खानापूरपर्यंत पंचवीस-सव्वीस किलोमीटर, तिथून पुढे आत. पावसात दीड तास धरायचा.

पहिली तपासणी

चित्रण मी वाटेतच चहाच्या टपरीवर तीनदा पाहिलं. कॅप्स लॉकचा दिवा तीन वेळा लांब लागत होता, मग दोन वेळा छोटा, मग थांबा, मग पुन्हा तेच. आपल्याला ते नुसतं लुकलुकणं वाटतं, पण पडदा नसताना यंत्राला बोलायचा तेवढाच मार्ग उरतो. प्रत्येक कंपनीची खूण वेगळी. कोणी कॅप्स लॉक वापरतं, कोणी चार्जिंगचा दिवा दोन रंगांत लावतं, कोणी बीप वाजवतं. या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे तीन लांब आणि दोन छोटे म्हणजे यंत्र मेमरीपाशी अडकलंय, म्हणजे रॅमपाशी.

दुकानदाराने बोर्ड का म्हटलं असेल? त्याने दोष दाखवायला काही लिहून दिलं नव्हतं. काउंटरवरून "बोर्ड होगेद री" (बोर्ड गेलाय हो) एवढंच. मी त्याला फार दोष देत नाही. सीझनमध्ये रांग असते आणि काळ्या पडद्याला बोर्ड म्हणून मोकळं होणं सोपं असतं. बोर्ड बदलला की रॅमची गाठही बहुधा आपोआप सुटते.

पोचल्यावर आधी वरवरचं पाहिलं. चार्जर मल्टिमीटरवर १९.४ व्होल्ट दाखवत होता, ठीक. टचपॅड वर उचललेला नाही, म्हणजे बॅटरी फुगलेली नाही. चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. फुकटचा उपाय, आणि अनेकदा तेवढ्याने भागतं. इथे भागलं नाही. एचडीएमआयच्या केबलने घरातला टीव्ही जोडला. तोही काळा, म्हणजे दोष पडद्याच्या पॅनेलचा नाही.

आधी डिस्क

इथे माझा एक ठरलेला नियम आहे: आधी डेटा, मग दुरुस्ती. यंत्र मेलं तरी चालेल, पण फायली हाताशी हव्यात. म्हणून रॅमला हात लावण्याआधी मी मागचं झाकण उघडलं, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, एसएसडी काढली आणि माझ्याकडच्या यूएसबी डबीत घालून माझ्या लॅपटॉपला लावली. दहा मिनिटांत सगळं उतरवून घेऊ, मग निवांत दुरुस्ती, असा हिशेब.

ड्राइव्ह दिसला, पण त्यावर पिवळं कुलूप. क्लिक केलं तर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे कुलपाची राखीव किल्ली, मागतोय.

"हे कुलूप तुम्ही लावलंत?" मी विचारलं.

"मी कशाला लावू? मला पासवर्डच चार अंकी आठवत नाही."

त्या खरंच बोलत होत्या. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय फायली वाचता येऊ नयेत असं कुलूप, आपोआप सुरू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. २०२४ च्या आवृत्तीपासून तर त्याच्या अटी आणखी सैल झाल्या. मालकाला कोणी नीट विचारत नाही. एरवी त्याचा पत्ताही लागत नाही, कारण बोर्डवरची टीपीएम नावाची व्यवस्था रोज सकाळी गुपचूप कुलूप उघडून देते. टीपीएमचं वागणं घरातल्या वयस्क आजीसारखं आहे. रोजच्या पावलांचा आवाज आला की ती कडी काढते. पाऊल वेगळं वाटलं की आतूनच विचारते, कोण आहे?

१९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. तेव्हा मोठमोठ्या कचेऱ्यांमधले आयटीवाले याच ४८ अंकांच्या मागे पळत होते. त्यांच्याकडे निदान कुठेतरी यादी होती.

पर्याय

पिवळं कुलूप दिसल्यावर माझा हिशेबच उलटा झाला. आता डिस्क वाचवायची तर तोच बोर्ड जगायला हवा होता. कुलपाची गुपित चावी त्या बोर्डवरच्या टीपीएमपाशी होती. नव्या बोर्डवर वेगळं टीपीएम असतं, आणि त्याला ही डिस्क म्हणजे परका माणूस. चौदा हजार भरून बोर्ड बदलला असता तर लॅपटॉप छान सुरू झाला असता आणि पहिल्याच पडद्यावर ४८ अंक मागून बसला असता. तेव्हा दुकानदार म्हणाला असता, फॉरमॅट मारू या. आणि वहिनी हो म्हणाल्या असत्या, कारण चतुर्थी तोंडावर होती.

मी त्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. चिरमुऱ्यांची ताटली पुढे ठेवून त्या ऐकत होत्या. फॉरमॅट मारून आजपासून नव्याने सुरुवात करायची, हा एक मार्ग होता. पण सात वर्षांच्या पत्रिकांचे साचे गेले असते, आणि ते साचे हाच त्यांचा धंदा. दुसरा मार्ग किल्ली शोधण्याचा, पण ती कुठे असेल ते कोणालाच माहीत नव्हतं. तिसरा म्हणजे जुना बोर्ड कसाही करून उठवायचा आणि त्याच्याच हातून कुलूप उघडवून घ्यायचं. त्या दरम्यान दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर नवी पावती पुस्तकं टाईप करता येतील का, हेही पाहिलं. शेजारच्या गावात एका मुलाकडे डेस्कटॉप होता, पण श्रीलिपी नव्हती. वहिनींच्या जुन्या फायली युनिकोडच्या नाहीत. तो फाँट नसेल तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खिचडीभात दिसतो.

तिसरा मार्ग घेतला. दिव्याने आधीच रॅम सांगितली होती, म्हणून थोडी आशा होती.

काय केलं

डिस्क पुन्हा लॅपटॉपमध्ये बसवली. रॅमच्या दोन्ही बाजूच्या चिमट्या बाजूला केल्या की ती तिरकी उभी राहते. बाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली. सोनेरी पट्ट्यांवर काळपट पातळ थर, एका टोकाला तर फिकट हिरवट ठिपका. दमट हवेचं काम. बरेच कारागीर इथे पेन्सिलचं खोडरबर घासतात आणि ते चालतंही, पण त्याचा भुगा खाचेत जातो. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल नि कापसाची काडी घेतली आणि चार काड्या काळ्या होईपर्यंत पुसलं. खाचेत ब्लोअरने हवा मारली. रॅम तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही चिमट्या टक्‌ करून बसल्या.

बॅटरी जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. इथे पुष्कळ जण घाई करतात. रॅम काढून घातली की पहिल्यांदा सुरू होताना यंत्र मेमरीची ओळख नव्याने करून घेतं, आणि पडदा मिनिटभरही काळाच राहू शकतो. त्यात बटण दाबून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. मी हात मांडीवर ठेवून बसलो. कॅप्स लॉक लुकलुकत नव्हता, त्याचाच आधार होता. चाळीस सेकंदांनी कंपनीचं चिन्ह आलं. वहिनी "आला, आला" म्हणून उठल्याच.

चिन्ह गेलं आणि निळा पडदा आला. बिटलॉकर रिकव्हरी, म्हणजे विंडोजच्या त्याच डिस्कच्या कुलपाची मागणी. ४८ अंक.

निळा पडदा

आता माझं डोकं चालेना. बोर्ड तोच, डिस्क तीच. रॅम काढल्याने टीपीएम असं रुसत नाही. मग आजीला पाऊल वेगळं का वाटलं?

पुढचा दीड तास मी चुकीच्या वाटेला घालवला. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आपोआप जमा झालेली असते, तीच शोधू लागलो. वहिनींच्या मोबाईलवरच्या खात्यात शिरलो, तर तिथे एकही यंत्र नोंदलेलं नाही. मग आठवलं की लॅपटॉप घेताना खातं दुकानातल्या पोरानेच तयार करून दिलं होतं. कोणत्या ईमेलवर? देव जाणे. दुकानाला फोन केला, तो पोरगा पुण्याला गेलेला. आपल्याकडे हे सर्रास होतं. नवा लॅपटॉप घेताना गिऱ्हाईक चहा पीत असतं आणि विकणारा स्वतःच्या नाहीतर दुकानाच्या ईमेलवर खातं काढून मोकळा होतो. म्हणजे घर आपलं नि किल्ली दलालाच्या खिशात.

अंदाजाने अंक टाकण्यात अर्थ नव्हता. सहा अंकांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने भाग जावा लागतो. त्याचा उपयोग टाईप करताना चूक लगेच कळण्यापुरता, किल्ली ओळखून काढण्याला नाही.

तेवढ्यात दारात उभा असलेला वहिनींचा भाचा हळूच म्हणाला, "काका, मी बायोसमधलं एक बंद केलतं ओ."

तो बेळगावात इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. हकिगत अशी: लॅपटॉप दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी पडदा मधूनच काळा होत होता, तीनचार प्रयत्नांनी सुरूही होत होता. भाच्याला वाटलं विंडोज बिघडलंय, नवं टाकू. त्याच्याकडचा पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने बनवलेला, तो लॅपटॉप घेईना. म्हणून त्याने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. सिक्युअर बूट म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून यंत्र सुरू होऊ न देणारा पहारा. पेनड्राइव्ह सुरू झाला, विंडोज टाकण्याचा पडदा आला, भाषा निवडली, आणि लॅपटॉप काळा झाला तो झालाच.

म्हणजे रॅमने दगा दिला म्हणून डेटा वाचला. आणखी पाच मिनिटं ती नीट चालली असती तर सगळं पुसलं गेलं असतं.

मामी ओरडेल म्हणून पोरगा गप्प होता. आणि खरं तर वहिनींना ते ठाऊक होतं. भाच्याला कोणी बोल लावू नये म्हणून त्यांनीही मला सांगितलं नव्हतं.

आता सगळं जुळलं. अशा लॅपटॉपवर टीपीएम सिक्युअर बूटची अवस्था पाहूनच किल्ली देतं. ते बंद दिसलं की यंत्रात कोणी ढवळाढवळ केलीय असं समजून किल्ली अडवतं. मी बायोसमध्ये गेलो आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू केलं. त्याच पानावर दोन ओळी खाली "क्लिअर टीपीएम" असा पर्याय होता. तो कोणी दाबला असता तर आजीच घर सोडून गेली असती. भाच्याला मी त्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. तो म्हणाला, "ह्यो मी दाबणारच होतो." बदल साठवून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. निळा पडदा आला नाही. चार अंकी पिन मागितला. तोही भाच्यालाच माहीत होता.

निष्पत्ती

पहिलं काम कोरल उघडून बघण्याचं नव्हतं, वहिनींचा हात मात्र तिकडेच वळला होता. मी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आणि सगळा कामाचा फोल्डर उतरवून घेतला. १४० जीबी, तास-सव्वातास. मग रिकव्हरी की काढून तिचा प्रिंट घेतला. वहिनींनी तो रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला. त्यांच्या नावाचं खातं तयार करून लॅपटॉप त्याच्याशी जोडला. दुकानाच्या खात्यात जुनी किल्ली पडलेली होतीच, म्हणून आठवड्याने डिस्कचं एन्क्रिप्शन उलगडून पुन्हा नव्याने चढवलं. आता नवी किल्ली, नवा कागद.

रात्री विंडोजची मेमरी तपासणी लावून ठेवली, दोष निघाला नाही. पावती पुस्तकं वेळेवर छापायला गेली. एकूण खर्च सांगायचा तर अल्कोहोलची बाटली माझ्याकडचीच, आणि एक हार्ड डिस्क त्यांनी विकत घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. दसऱ्यानंतर एका सकाळी पुन्हा तेच: पडदा काळा, तीन लांब, दोन छोटे. या वेळी वहिनी घाबरल्या नाहीत, फायलींची प्रत होती. मी गेलो, रॅम काढली. पट्ट्या लख्ख होत्या. तीच रॅम शेजारच्या रिकाम्या खाचेत घातली, आणि तेव्हापासून एकदाही तक्रार नाही. म्हणजे काळपट थर हा दोषाचा एक भाग. खरी कुरकुर पहिल्या खाचेची. तिच्यातली एखादी पिन ढिली झाली असावी.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरी खाच मी पहिल्याच दिवशी वापरून पाहायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. पण पडदा उजळल्यावर मला डेटा दिसत होता आणि दोष नीट शोधायचा राहून गेला. त्या दिवशीच्या घाईत डेटाला पहिला मान दिला, ते मी आजही चूक मानत नाही. दुसऱ्या दिवशी परत गेलो नाही, ती चूक.

डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, ते मात्र पुन्हाही तसंच करेन. कुलूप तिथे दिसलं नसतं तर मी स्वतःच कदाचित बोर्ड बदला म्हणालो असतो. पूर्वी डिस्क काढली की डेटा मिळालाच, असं गृहीत धरता येत होतं. आता कोणताही बोर्ड बदलण्याआधी किल्ली हातात आहे का, हे विचारावं लागतं. बायोसमध्ये काही बदलायचं असेल तर आधी विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं. भाच्याला हे कोणी शिकवलं नव्हतं, मलाही कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

तो दीड तास मात्र मला अजून खुपतो. मी यंत्राला विचारत बसलो, माणसांना विचारलं नाही. आणि विचारलं तेही "कोणी काय केलं?" अशा थाटात. असं विचारलं की घरातलं प्रत्येक जण गप्प होतं. आता मी विचारतो, "शेवटचं कधी नीट चाललं, आणि तेव्हापासून काय काय करून पाहिलं?" काय करून पाहिलं म्हटलं की लोक कौतुकाने सांगतात.

लॅपटॉपच्या तळाला सध्या एक छोटी चिकटपट्टी आहे. वहिनींनीच छापली, वर मराठी, खाली कन्नड, म्हणजे पुढचा दुरुस्तीवाला कोणीही असो. खाच १ खराब. डिस्कला कुलूप आहे. बोर्ड बदलण्याआधी मालकिणीला विचारा.